इको-निवास संहितेची स्वयंचलित तपासणी: इमारत तीच, निकाल दर वेळी वेगळा

निवासी इमारतीचं बीआयएम मॉडेल (भिंती-खिडक्यांच्या माहितीसकट संगणकावरचं त्रिमितीय मॉडेल) आयएफसी फाइलमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येणाऱ्या खुल्या स्वरूपात, एक्स्पोर्ट करायचं, ती फाइल तपासणी सॉफ्टवेअरला (चेकरला) द्यायची आणि निवासी इमारतींच्या ऊर्जाबचतीसाठी असलेल्या इको-निवास संहितेच्या (२०१८, बाह्य आवरणाचा भाग) निकषांवर इमारत उतरते का ते बघायचं, अशी कामाची पद्धत असलेल्या आर्किटेक्टच्या ऑफिसांसाठी हे लिहितो आहे. माझ्याकडे अशा फाइली ‘चेकर बिघडलाय, बघा जरा’ म्हणून येतात. चेकर क्वचितच बिघडलेला असतो. मॉडेलमध्ये एखादी माहिती भरायची राहिलेली असते आणि सॉफ्टवेअर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

लाल निकाल आलेल्या फाइलींची मला फारशी काळजी वाटत नाही. लाल दिसलं की माणूस शोधायला लागतो. माहिती गळाल्यामुळे हिरव्या झालेल्या फाइली मात्र तशाच पुढे सरकतात, इमारत उभी राहते आणि पश्चिमेच्या खोलीत राहणारं कुटुंब पुढची कित्येक वर्षं तापलेल्या भिंतीशेजारी झोपतं. म्हणून खालच्या तपासण्या नापास निकालाइतक्याच पास निकालावरही करा.

लक्षणं

यांतलं एक जरी दिसलं तरी पुढे वाचा.

- डिझाइनमध्ये काहीही बदललं नाही, फक्त फाइल पुन्हा एक्स्पोर्ट केली आणि आरईटीव्हीचा, म्हणजे आवरणातून घरात शिरणाऱ्या उष्णतेचा, आकडा बदलला.
- साधी विटांची भिंत, साधी काच, छज्जा नावापुरता, तरी आरईटीव्ही अवघा ९-१० वॅट प्रति चौरस मीटर.
- एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले दोन फ्लॅट. वायुवीजनात एक पास, दुसरा नापास.
- रिपोर्टमधली खिडक्यांची संख्या आणि खिडक्यांच्या शेड्यूलमधली (तक्त्यातली) संख्या जुळत नाही.
- सगळं हिरवं, पण रिपोर्टच्या तळाशी ‘लागू नाही’ किंवा ‘तपासलं नाही’ अशी लांब यादी.
- क्षेत्रफळं लाखांच्या पटीत.

आधी हे गणित डोळ्याखालून घाला

आरईटीव्ही म्हणजे छत सोडून बाकीच्या बाह्य आवरणातून घरात शिरणाऱ्या उष्णतेचं मोजमाप. थंड हवामानाचा विभाग सोडला तर त्याची मर्यादा १५ वॅट प्रति चौरस मीटर आहे. त्यात तीन पदांची बेरीज असते: भिंतीतून वाहून येणारी उष्णता, काचेतून वाहून येणारी उष्णता आणि काचेतून थेट शिरणारं ऊन. उष्ण-दमट विभागासाठी या पदांचे गुणक अनुक्रमे ५.१५, १.३१ आणि ६५.२१ आहेत. तिसरा गुणक केवढा मोठा आहे ते बघा.

समजा, बाहेरच्या पृष्ठभागाचा ८० टक्के भाग भिंत आहे, तिची यू-व्हॅल्यू (उष्णता किती सहज आरपार जाते त्याचा आकडा) २.०. उरलेले २० टक्के काच. तिची यू-व्हॅल्यू ५.८ आणि एसएचजीसी (उन्हातल्या उष्णतेचा किती भाग काचेतून आत येतो तो आकडा) ०.८. पृष्ठभाग कोणत्या दिशेला आहे त्यानुसार बदलणारा दिशेचा गुणक सोयीसाठी सगळीकडे १ धरू. भिंतीचे ८.२४, काचेचे १.५२ आणि उन्हाचे १०.४३. एकूण २०.२, म्हणजे नापास.

आता याच मॉडेलमध्ये काचेच्या एसएचजीसीचा रकाना रिकामा ठेवा. रिकाम्या जागी शून्य धरणारं सॉफ्टवेअर असेल, तर तिसरं पद गायब होतं आणि उत्तर येतं ९.८. डिझाइन तेच, इमारत तीच आणि निकाल दिमाखात पास. वर सांगितलेल्या ‘९-१०’ या लक्षणाचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. जी बेरीज कमी आली की पास करते, तिच्यात गाळलेली प्रत्येक गोष्ट तुमच्या बाजूने मोजली जाते.

१. विभाग आणि नियमसंच

अर्ध्या मिनिटाचं काम, खर्च शून्य. सॉफ्टवेअरमध्ये कोणता हवामान विभाग निवडलेला आहे ते उघडून बघा. टेम्प्लेट जुन्या प्रकल्पाचं असेल तर विभागही जुनाच राहतो. मुंबई उष्ण-दमट विभागात येते, नागपूर संमिश्र विभागात. मुंबईच्या प्रकल्पाला नागपूरचं टेम्प्लेट लागलं तर आरईटीव्हीचे गुणक बदलतातच, शिवाय खिडक्यांच्या उघडणाऱ्या क्षेत्राची किमान अट कार्पेट एरियाच्या १६.६६ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर येते. (उष्ण-कोरड्या विभागात ती १० टक्के आहे.) म्हणजे वायुवीजनात एक चतुर्थांश सूट न मागता मिळते.

संहिता ५०० चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी प्रकल्पांसाठी आहे. तुमच्या क्षेत्रात ती कशी लागू केली आहे हे स्थानिक नियोजन प्राधिकरणाकडूनच घ्या. सॉफ्टवेअरमधल्या यादीवर विसंबू नका.

२. मोजदाद

निकालाचा रंग बघण्याआधी किती घटक तपासले गेले ते बघा. खिडक्या, बाहेरचे दरवाजे, फ्लॅट, मजले. शेड्यूलशी एकेक संख्या ताडून पाहा. मी दुसरं काहीही करण्याआधी हे करतो, कारण निम्मे दोष इथेच पकडले जातात आणि त्यासाठी कागद-पेन्सिल पुरते.

खिडक्या कमी भरल्या तर पहिला संशय मांडणीवर घ्या. पडदी भिंतीच्या, म्हणजे कर्टन वॉलच्या साधनाने काढलेल्या मोठ्या काचा आयएफसीमध्ये खिडकी म्हणून जातच नाहीत. त्या पट्ट्या आणि पॅनेल म्हणून जातात. बाहेरून मागवलेली खिडकी कधीकधी नुसती ‘वस्तू’ म्हणून येते, स्क्रीनवर हुबेहूब दिसते आणि नियमाच्या लेखी अस्तित्वातच नसते. खिडक्या जास्त भरल्या तर बहुधा एकावर एक दोन बसल्या आहेत किंवा जोडलेल्या दुसऱ्या फाइलमधून तोच मजला पुन्हा आला आहे.

३. एकक आणि एक्स्पोर्टची सेटिंग

लांबी मिलिमीटरमध्ये आणि क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असणं आयएफसीत पूर्णपणे चालतं. फाइलच्या सुरुवातीला दोन्ही एककं स्वतंत्र नोंदवलेली असतात. क्षेत्रफळाचंही एकक चौरस मिलिमीटर झालं आणि चेकरने ते वाचलं नाही, तर दहा लाखांचा फरक पडतो. हा दोष निदान लपत तरी नाही.

लपतो तो दुसरा. एक्स्पोर्टच्या डायलॉग बॉक्समध्ये मूलभूत परिमाणं पाठवायची की नाही, खोल्यांच्या सीमा पाठवायच्या की नाही, असे पर्याय असतात. ते बंद असतील तर खोलीचं क्षेत्रफळ फाइलमध्ये लिहिलेलंच नसतं. मग सॉफ्टवेअर ते आकारावरून स्वतः काढतं, आणि दोन सॉफ्टवेअर दोन तऱ्हेने काढतात. ‘काही न बदलता आकडा बदलला’ या तक्रारीत मी सर्वांत आधी विचारतो की दोन्ही वेळा एक्स्पोर्ट कोणी केलं. दोन माणसं, दोन संगणक, दोन सेटिंग. ऑफिसात एकच सेटिंग फाइल ठेवा आणि सगळ्यांना तीच वापरायला लावा.

४. उत्तर दिशा

ड्रॉइंग कागदावर सरळ बसावं म्हणून इमारत फिरवून काढलेली असते. खरी उत्तर वेगळी नोंदवावी लागते. आयएफसीमध्ये ती नोंद नसेल तर मॉडेलचा वरचा अक्ष, म्हणजे वाय अक्षाची धन दिशा, हीच उत्तर मानली जाते. सॉफ्टवेअर त्याबद्दल इशारा देईलच असं नाही.

फरक किती पडतो? २३.५ अंशांच्या दक्षिणेकडच्या ठिकाणांसाठी, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रासाठी, उत्तरेच्या पृष्ठभागाचा दिशा-गुणक सुमारे ०.६६ आहे आणि पश्चिमेचा सुमारे १.१६. मोठ्या काचांची पश्चिम बाजू उत्तर म्हणून मोजली गेली तर त्या बाजूचा वाटा जवळजवळ निम्म्यावर येतो. चारही बाजूंना सारख्याच खिडक्या असलेल्या इमारतीत ही चूक आकड्यात दिसतही नाही, आणि तेच टेम्प्लेट पुढच्या प्रकल्पात जातं. तपासायला सोपी युक्ती आहे: रिपोर्टमधून फक्त पश्चिमेच्या खिडक्यांची यादी काढा आणि साइट प्लॅनवर त्या कुठे आहेत ते बघा.

५. रिकामे रकाने

आता थोडा वेळ द्यावा लागेल. प्रत्येक बाहेरच्या भिंतीला ‘बाह्य’ अशी खूण आणि यू-व्हॅल्यू, प्रत्येक काचेला यू-व्हॅल्यू, एसएचजीसी आणि व्हीएलटी (उजेडाचा किती भाग काचेतून आत येतो तो आकडा), छताला यू-व्हॅल्यू. हे सगळं भरलेलं आहे का?

‘बाह्य’ ही खूण सर्वांत जास्त दगा देते. भिंत आधी आतली म्हणून काढली, मग प्लॅन बदलला, ती बाहेर आली, खूण तशीच राहिली. अशी भिंत तिच्यातल्या खिडक्यांसकट हिशोबाबाहेर जाते. आरशातल्या प्रतिमेच्या दोन फ्लॅटचे निकाल वेगळे येतात तेव्हा मी आधी हीच खूण बघतो. उलटंही होतं: जिन्याच्या, लिफ्टच्या बाह्य भिंती फ्लॅटच्या आवरणात मिसळल्या जातात. त्यांत काच कमी असल्याने सरासरी खाली येते, आणि आरईटीव्ही तर राहत्या घरांच्या आवरणाचा काढायचा असतो.

हे हाताने शोधत बसू नका. आयडीएस नावाचं मानक याच कामासाठी आहे. बिल्डिंगस्मार्ट या संस्थेने त्याची १.० आवृत्ती २०२४ मध्ये अंतिम केली. कोणत्या घटकाला कोणती माहिती असलीच पाहिजे, हे त्यात एकदा लिहून ठेवायचं. मग ती नसलेले सगळे घटक एका झटक्यात समोर येतात. आयडीएस फक्त माहिती आहे का आणि ती ठरलेल्या रूपात आहे का एवढंच बघतं. आकार, अंतर, आरईटीव्ही यांतलं ते काही तपासत नाही. म्हणून त्याची जागा मुख्य तपासणीच्या आधी. आयडीएस स्वच्छ आल्याशिवाय आरईटीव्हीचा आकडा वाचूच नये, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

रकाना भरताना किंमत कुठून आली तेही लिहा. काचेचा एसएचजीसी उत्पादकाच्या चाचणी-प्रमाणपत्रातून घ्यावा. लायब्ररीत आधीपासून असलेला आकडा कोणत्या देशातल्या कोणत्या काचेचा आहे हे कोणाला ठाऊक नसतं.

६. उघडणारं क्षेत्र आणि कार्पेट एरिया

या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे. इथे भाजक आणि भाज्य दोन्ही चुकतात, आणि दोन्ही चुका पासच्या बाजूने झुकतात.

संहिता खिडकीचं पूर्ण क्षेत्र मोजत नाही, त्यातला उघडणारा भाग मोजते. बिजागरीवर उघडणारी खिडकी ९० टक्के, दोन पॅनेलची स्लायडिंग ५० टक्के, तीन पॅनेलची स्लायडिंग ६७ टक्के. उष्ण-दमट विभागात ६० चौ.मी. कार्पेटच्या फ्लॅटला १० चौ.मी. उघडणारं क्षेत्र लागतं. खिडक्यांची एकूण चौकट १२ चौ.मी. असेल, तर बिजागरीच्या खिडक्यांनी १०.८ मिळतात आणि फ्लॅट पास होतो. त्याच मापाच्या दोन पॅनेलच्या स्लायडिंगने ६ मिळतात आणि फ्लॅट सपशेल नापास. मॉडेलमध्ये खिडकीचा उघडण्याचा प्रकार भरलेला नसेल, तर काही नियमसंच पूर्ण १२ धरून मोकळे होतात.

‘थ्री-ट्रॅक’ खिडकीकडे नीट बघा. आपल्याकडे तिच्यात दोन काचेची पॅनेलं आणि एक डासांच्या जाळीचं पॅनेल असतं आणि प्रत्येक पॅनेल अर्ध्या रुंदीचं असतं. म्हणजे उघडणारा भाग ५० टक्केच. लायब्ररीत मात्र ती ‘स्लायडिंग ३’ या नावाने पडलेली असते आणि ६७ टक्के घेऊन जाते. बाल्कनीत उघडणारा दरवाजा मोजायचा असतो, कॉरिडॉरमध्ये उघडणारा मुख्य दरवाजा मोजायचा नसतो; नियम नुसतं ‘दरवाजा’ एवढंच बघत असेल तर इथेही गडबड होते.

आता भाजक. कार्पेट एरियात आतल्या पार्टिशन भिंतींची जागा धरलेली असते. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी वगळलेल्या असतात. रेराची व्याख्याही हीच आहे. पण सॉफ्टवेअर बहुतेकदा खोल्यांच्या निव्वळ क्षेत्रांची बेरीज करतं आणि त्यात पार्टिशन नसतात. खोल्यांची बेरीज ५७, पार्टिशनसह कार्पेट ६० आणि उघडणारं क्षेत्र ९.६ असेल तर ५७ ने भागून १६.८ टक्के येतात, पास. ६० ने भागून १६ टक्के, नापास. तीन चौरस मीटरच्या भिंतींनी निकाल उलटा केला. खोल्यांबरोबर प्रत्येक फ्लॅटचं स्वतंत्र एकत्रित क्षेत्र मॉडेलमध्ये ठेवा आणि नियमाला तेच वाचायला लावा.

७. काचेचे दरवाजे आणि छज्जे

हॉलमधून बाल्कनीत जाणारा स्लायडिंग दरवाजा ही बऱ्याच फ्लॅटमधली सर्वांत मोठी काच असते. मॉडेलमध्ये तो दरवाजा आहे, आणि नियम काच फक्त खिडक्यांत शोधतो. वरच्या गणितात २० टक्के काचेपैकी एकूण पृष्ठभागाच्या ८ टक्के एवढी काच अशा दरवाजांत असेल आणि ती भिंत म्हणून धरली गेली, तर २०.२ चा आकडा १६.२ वर येतो. त्यानंतर कोणीतरी जरा बरी काच सुचवतो आणि कागदावर इमारत पास होते.

छज्जाचं उलट आहे. तो नसल्यासारखा धरला गेला की निकाल उगाच वाईट येतो. छज्जा नुसता स्लॅब म्हणून काढला की कोणत्या खिडकीवर सावली पडते हे बऱ्याच सॉफ्टवेअरना कळत नाही. छज्जाची खोली, आणि त्याच्या खालच्या कडेपासून खिडकीच्या तळापर्यंतची उंची, या दोन मापांच्या गुणोत्तरावर सावलीचा गुणक ठरतो. ती दोन मापं खिडकीच्या प्रॉपर्टीत भरणं हा मला जमलेला सर्वांत भरवशाचा मार्ग.

आरईटीव्ही उतरवण्यासाठी गडद काच घेतलीत तर व्हीएलटी पुन्हा तपासा. बाहेरच्या पृष्ठभागात काचेचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत असेल तर व्हीएलटी किमान ०.२७ हवा. एक अट सोडवताना दुसरी मोडते आणि घरात दिवसा दिवे लागतात.

८. आरसीसी कुठे आहे

इथून पुढे दोन टीमची मॉडेलं एकत्र आणावी लागतात, म्हणून हे उशिरा. आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये दर्शनी भिंत सलग २०० मिलिमीटर एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकची) असते, यू-व्हॅल्यू ०.८ च्या आसपास. कॉलम, बीम आणि आरसीसी भिंती स्ट्रक्चरल फाइलमध्ये. प्लॅस्टर केलेल्या १६० मिलिमीटर आरसीसी भिंतीची यू-व्हॅल्यू साडेतीनच्या आसपास जाते. भिंतींच्या क्षेत्राचा ३० टक्के भाग आरसीसी असेल तर सरासरी ०.८ वरून १.६ होते, म्हणजे दुप्पट. अॅल्युमिनियम फॉर्मवर्कच्या, म्हणजे धातूच्या साच्यात काँक्रीट ओतून उभारलेल्या, इमारतींत तर सगळं आवरणच आरसीसीचं असू शकतं. तपासणी एकत्रित मॉडेलवर करा आणि जिथे ब्लॉक व आरसीसी एकाच जागी आले आहेत तिथे एकच मोजलं जातंय याची खात्री करा.

छताची मर्यादा वेगळी आहे, यू-व्हॅल्यू १.२. सर्वांत वरच्या स्लॅबला ‘छत’ असा प्रकार दिलेला नसेल तर हा नियम लागूच होत नाही आणि रिपोर्टात काहीही येत नाही.

९. नियमाचीच परीक्षा

एवढं करूनही आकडे पटले नाहीत तरच चेकरवर संशय घ्या. एक फ्लॅट निवडा आणि स्प्रेडशीटमध्ये हाताने गणित करा. मग एका खोलीचं चाचणी-मॉडेल बनवा जे नापास व्हायलाच हवं: पश्चिमेला मोठी साधी काच, छज्जा नाही, पातळ भिंत. ते पास झालं तर नियम बिघडलेला आहे. त्याच मॉडेलमधला एकेक रकाना रिकामा करून पाहा. रिकाम्या रकान्यावर सॉफ्टवेअर थांबतं, इशारा देतं की शून्य धरून पुढे जातं, हे कळेल. हे मॉडेल जपून ठेवा आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की पुन्हा चालवा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पास होण्यासाठी छज्जा वाढवायचा, आरसीसी भिंतीच्या जागी ब्लॉक घ्यायचे किंवा खिडकीसाठी बीम हलवायचा असं सुचत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरशी बोलल्याशिवाय मॉडेलला हात लावू नका. ज्या काचेचं किंवा ब्लॉकचं चाचणी-प्रमाणपत्र हातात नाही तिचा आकडा ठरवणं ऊर्जा सल्लागाराचं काम आहे. वळणाच्या दर्शनी भागाची, डक्टकडे उघडणाऱ्या खिडक्यांची किंवा मिश्र वापराच्या इमारतीची मोजणी कशी करायची यावर ऑफिसात दोन मतं असतील तर ऊर्जा सल्लागारालाच विचारा, आणि अंतिम अर्थ मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाकडून लेखी घ्या. चाचणी-मॉडेलनेही नियम चुकीचा ठरला तर सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला कळवा आणि दुरुस्ती येईपर्यंत तो निकाल सबमिशनमध्ये वापरू नका.

आयएफसी फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून आकडे बदलणं कधीही करू नका. मूळ मॉडेल आणि फाइल यांची फारकत होते, पुढच्या एक्स्पोर्टला दोष परत येतो, आणि ज्यांच्या सहीने ती फाइल दाखल झाली त्यांच्यावर खोट्या माहितीची जबाबदारी येते.

जाणकाराकडे जाताना नुसता ‘नापास येतंय’ असा स्क्रीनशॉट पाठवू नका. आयएफसी फाइल, एक्स्पोर्टची सेटिंग, खिडक्या-दरवाजांचं शेड्यूल, भिंती आणि काचांचे तपशील त्यांच्या प्रमाणपत्रांसह, साइट प्लॅनवर खरी उत्तर, आणि तुम्ही हाताने सोडवलेलं त्या एका फ्लॅटचं गणित. एवढं एकत्र पाठवलंत तर पहिल्याच बैठकीत दोषापर्यंत पोचता येतं.